खिळ्यावरचा पुठ्ठा

मी एक जुनी पिकअप गाडी आहे. आहे म्हणते खरी, पण आहे म्हणण्यासारखं माझ्यात आता फारसं काही उरलेलं नाही. चाकं गेली, दिवे गेले, इंजिन आतल्या आत चिकटून बसलं आहे. ड्वेन शाट्झच्या गॅरेजमागच्या आवारात मला लाकडी ओंडक्यांवर ठेवलं आहे आणि माझ्या हौद्यात काटेरी झुडपं वाढली आहेत. मित्रांनो, भंगारात आलेल्या प्रत्येक गाडीला वाटतं की आपल्यावर अन्याय झाला. माझ्या शेजारची निळी व्हॅन तर दिवसरात्र हेच रडगाणं गाते, आणि तिच्या मालकानं दारू पिऊन तिला तळ्यात घातलं होतं. मला रडायचं नाही. काय घडलं तेवढं मी सांगते, मग तुम्हीच काय ते ठरवा.

माझा जन्म डेट्रॉइटकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. रंग हिरवा, पट्टा पांढरा. तिथून मालगाडीनं मी नॉर्थ डकोटात आले. इथं सपाट जमीन, गहू आणि वारा, एवढंच काय ते आहे. दुकानाच्या अंगणात मला पाहायला आला सेल्मर ब्रेक्के. गव्हाचा शेतकरी, आजोबा नॉर्वेहून आलेले, बोलणं कमी आणि कॉफी जास्त. बरोबर त्याची बायको आर्डिस होती. कापणीच्या दिवसांत भुशाची धूळ उडाली की आर्डिसला धाप लागायची. म्हणून सेल्मरनं काचा बंद करून गार हवेत बसता येईल अशी गाडी मागितली. त्या काळी शेतावरच्या गाडीत एसी म्हणजे थट्टेचाच विषय होता.

गावातल्या धान्याच्या कोठाराशी सकाळी सगळे शेतकरी कॉफीला जमायचे. तिथं पहिल्याच दिवशी ऑर्डेलनं, सेल्मरच्या शाळेतल्या दोस्तानं, त्याला धरलं.

"काय रे सेल्मर, एसीची गाडी घेतलीस म्हणे. आता गाईंनाही सरबत पाजणार का?"

"गाईंनी मागितलं तर पाजीन," सेल्मर म्हणाला आणि कॉफी पीत राहिला.

आता थोडं माझ्या पोटातलं सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. इंजिन चाललं की तापतं. त्याच्यातलं तापलेलं पाणी माझ्या तोंडाशी असलेल्या रेडिएटरच्या जाळीत येतं, समोरचा वारा लागून निवतं आणि पुन्हा आत जातं. वारा अडला की मी संपले. एसीमुळे माझ्या या जाळीच्या पुढे तशीच दिसणारी आणखी एक जाळी बसवलेली होती, आणि दोन जाळ्यांमध्ये बोटभर फट होती. ही फट लक्षात ठेवा.

हिवाळ्यात मात्र आमच्याकडे सगळं उलटं होतं. थंडी अशी की डोळ्यातलं पाणी गालावर यायच्या आत गोठतं. इंजिन तापायलाच तयार नसतं, हीटरमधून गार हवा येते. म्हणून इथले लोक गाडीच्या तोंडावर पुठ्ठा बांधतात. सेल्मरचा पुठ्ठा बियाण्याच्या खोक्याचा होता. माझ्या मापाचा कापलेला, कोपऱ्यांना भोकं, त्यांतून सुतळी. आर्डिसनं एकदा त्यावर काळ्या रंगानं झुपकेदार मिशा काढल्या, तेव्हापासून मी हिवाळाभर मिशा लावून हिंडायचे. वसंतात बदकं पाणथळीवर परतली की सेल्मर पुठ्ठा सोडायचा, फडक्यानं पुसायचा आणि शेडच्या दाराशी एका खिळ्याला टांगायचा. हे त्याचं एकाही वर्षी चुकलं नाही.

आमचे कामाचे दिवस फार चांगले गेले. मी बियाणं वाहिलं, आजारी वासरं वाहिली, कुणाच्या मयताला आर्डिसनं केलेली बटाट्याची गरम पातेली चर्चच्या तळघरात पोचवली. गाव म्हणायचं, ब्रेक्केंची हिरवी गाडी कधी दगा देत नाही. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू. आर्डिसला शेवटचं दवाखान्यात नेलं तेही मीच. येताना सेल्मर एकटा होता आणि वाटेत त्यानं एसी लावला, कुणालाही त्याची गरज नसताना.

त्यानंतर तो त्या घरात एकटा राहू लागला. त्याचा मुलगा कर्टिस आणि सून लव्हॉन गावात राहायचे. कर्टिस विमा विकायचा. बापानं गावातल्या वृद्धाश्रमात यावं असं तो येता-जाता सुचवायचा. बर्फात दर आठवड्याला शेतावर फेरी मारायचा त्याला कंटाळा आला होता, आणि घर रिकामं झालं की सगळी जमीन एकदम भाड्यानं देता येईल हेही त्याच्या डोक्यात होतं. एकदा माझ्या बॉनेटला टेकून बापलेकांचा करार झाला.

"जोवर मी माझ्या हातानं गाडी चालवत कॉफीला येतो, तोवर मी माझ्या घरी," सेल्मर म्हणाला. "येता आलं नाही, तर तू म्हणशील तिथं येईन. मग तक्रार नाही करणार."

"शब्द?"

"शब्द."

त्यांनी हात मिळवले. म्हणजे, मित्रांनो, त्या दिवसापासून त्याचं घर माझ्या इंजिनावर उभं होतं. मी हे ओझं आनंदानं घेतलं, कारण मला माझी खात्री होती.

त्या जानेवारीत शेतावर आलेल्या कर्टिसची गाडी थंडीनं सुरू होईना, म्हणून तो मला घेऊन गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला. बर्फावर उत्तरेचा वारा होता. मिशांचा पुठ्ठा तोंडावर असूनही हीटर कोमटच येत होता. कर्टिस खाली उतरला. "म्हाताऱ्याच्या पुठ्ठ्यानं काय होतंय," असं पुटपुटत त्यानं बिअरच्या डब्यांचं खोकं रिकामं केलं, पायाखाली चपटं केलं, बॉनेट उघडलं आणि ते वरून त्या दोन जाळ्यांमधल्या फटीत दाबून बसवलं. थोड्या वेळात हीटर छान तापला. संध्याकाळी त्यानं मला शेतावर आणून सोडलं आणि खोक्याचं साफ विसरून गेला.

बदकं परतली. सेल्मरनं आपला पुठ्ठा सोडला, पुसला, खिळ्याला टांगला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे, आणखी एक आहे, आत आहे. पण पुढून पाहिलं तर एक जाळी दिसायची, बॉनेट उघडून मागून पाहिलं तर दुसरी. मधलं खोकं कुणालाच दिसत नव्हतं.

मे महिन्यात ऊन तापलं आणि इंजिनाची उष्णता दाखवणारा माझा काटा चढू लागला. सेल्मर घाबरला नाही. त्यानं इंजिन निवू दिलं, झाकण उघडलं, पाणी पाहिलं. भरपूर होतं. वरची नळी दाबली, खालची नळी दाबली. मग पाणी सोडणारी छोटी झडप, थर्मोस्टॅट, काढून तो स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि पातेल्यात उकळून पाहिली. खिडकीतून मला तो शेगडीपाशी वाकलेला दिसत होता, आर्डिस जॅम करायची तसा. झडप बरोबर उघडत होती. शेवटी इंजिन चालू ठेवून त्यानं वर्तमानपत्राचं पान माझ्या तोंडाशी धरलं. पंखा हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटायला हवा. पान गळून खाली पडलं.

"श्वास घेत नाहीयेस तू, पोरी," तो म्हणाला.

इतकं बरोबर निदान पुढे कुणीच केलं नाही. तो मला तसाच ड्वेनकडे घेऊन आला. ड्वेन वाईट माणूस नव्हता. त्याला गप्पा आवडायच्या आणि अवघड काम नकोसं व्हायचं, इतकंच.

"हवा ओढत नाही ती," सेल्मर म्हणाला. "पुढची जाळी काढून मध्ये काय आहे ते बघ."

"सेल्मरकाका, ती काढायची म्हणजे एसीचा गॅस सोडावा लागतो. सगळा दिवस जातो त्यात. बाहेर बघा, कापणीची यंत्रं रांगेत उभी आहेत." ड्वेननं माझ्या बॉनेटवर थाप मारली. "हवा पंखा ओढतो ना? पंखा बदलतो. पाण्याचा पंपही बदलून टाकतो. तोवर तापली की हीटर पूर्ण सोडा. इंजिनाची धग आत येते, काटा उतरतो."

"माहीत आहे," सेल्मर म्हणाला.

पंखा बदलला, पंप बदलला. मी पुन्हा तापले. आता मात्र गावात चेष्टा सुरू झाली. एका रविवारी कर्टिस शेतावर आला आणि माझ्यासमोर उभा राहून हसत म्हणाला, "बाबा, पुठ्ठा काढायचा राहिला नाही ना?"

"खिळ्यावर आहे," सेल्मर म्हणाला.

कर्टिसनं शेडमध्ये डोकावलं. "आहे खरा. मिशांसकट." आणि मग बापाकडे न बघता म्हणाला, "मग पाणी घालायला विसरत असाल. हल्ली विसरता तुम्ही."

पुठ्ठ्याचा विषय तिथंच संपला. ज्यानं खोकं कोंबलं होतं तो माझ्या तोंडापासून हातभर उभा होता, आणि त्याला तळं, बर्फ, बिअर, काहीसुद्धा आठवलं नाही. मला त्याच्या पायावरून जावंसं वाटलं. हे बोलणं मुलांना सांगण्यासारखं नाही, पण वाटलं ते वाटलं.

जुलैत आर्डिसचा वाढदिवस असतो. सेल्मर मला घेऊन दफनभूमीत गेला, फुलं ठेवली, परत निघाला. रस्त्यावर सावलीला एक झाड नाही. डांबर वितळत होतं. माझा काटा चढू लागला तसा त्यानं काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. माझ्या आतली सगळी धग त्याच्या अंगावर येऊ लागली. त्याचा चेहरा लाल झाला, शर्ट भिजला, तरी त्यानं हीटर कमी केला नाही. उलट एका हातानं डॅशबोर्ड थोपटत राहिला. काटा उतरला. माझं इंजिन त्या दिवशी त्यानं स्वतः भाजून घेऊन वाचवलं. मग त्यानं मला नीट कडेला घेतलं, ब्रेक लावला, चावी फिरवली, आणि त्याचं डोकं स्टिअरिंगवर पडलं. हॉर्न वाजू लागला. उभ्या आयुष्यात मला तेवढंच एक बोलता आलं. टपाल वाटणाऱ्या बाईनं ते ऐकलं आणि गाडी थांबवली.

तो वाचला. पण दुसऱ्या दिवशी मला इथं ओढून आणलं तेव्हा कर्टिस गॅरेजमध्ये चारचौघांत सांगत होता.

"जुलै महिन्यात हीटर सोडून बसले होते. पूर्ण! डॉक्टरांनी मला दोनदा विचारलं, हीटर? म्हटलं, हो, हीटर."

"काय सांगतोस," ऑर्डेल म्हणाला.

"विचारलं तर म्हणतात, गाडी वाचवायला लावला. गाडी वाचवायला!"

सगळे हसले. ऑर्डेलही हसला. मी ड्वेनकडे बघत होते. हीटर सोडायला त्यानंच सांगितलं होतं, याच जागी, माझ्या बॉनेटवर थाप मारून. त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ड्वेननं हात पुसले, फडकं खिशात कोंबलं आणि तोही हसला.

"वय झालं काकांचं," तो म्हणाला.

सेल्मरनं शब्द पाळला. तो वृद्धाश्रमात गेला, तक्रार केली नाही.

माझं काय करायचं हा प्रश्न नव्हताच. ऑगस्टमध्ये गावची जत्रा भरते आणि तिथं आमच्याकडे एक जुना खेळ चालतो. एखादी मोडकळीला आलेली गाडी मैदानात साखळदंडानं बांधतात. तिच्यातलं पाणी काढतात, तेल काढतात, इंजिन सुरू करून पेडलवर वीट ठेवतात. ती किती मिनिटांत मरते याच्या चिठ्ठ्या लोक विकत घेतात. जमा होईल ते आगीच्या बंबाला जातं. कर्टिसनं मला त्या खेळाला देऊन टाकलं. त्यानं स्वतः सगळ्यात कमी मिनिटांची चिठ्ठी घेतली. "शिजलेलं इंजिन आहे," तो म्हणाला.

वृद्धाश्रमाची बस त्या दिवशी म्हाताऱ्यांना जत्रा दाखवायला आली होती. सेल्मरची चाकाची खुर्ची मंडपाच्या कडेला, माझ्या समोरच लावली होती. लव्हॉननं त्याच्या हातात लिंबाचं सरबत दिलं आणि एक चिठ्ठी दिली.

"बाबा, तुम्हीही सांगा. किती टिकेल?"

"पाणी काढलं तिचं?"

"काढलं."

"तेल?"

"तेही काढलं, बाबा. खेळच तो आहे."

"मग मला नको विचारूस," सेल्मर म्हणाला.

वीट ठेवली. मित्रांनो, तुम्हाला त्याचं वर्णन ऐकायचं असेल, मुलांना असतंच. मी किंचाळले. लोखंड लोखंडावर घासू लागलं. माझ्यातून आधी पांढरा धूर निघाला, मग निळा, मग काळा. आणि काटा? पाणीच नसेल तर काट्याला उष्णता कळत नाही. मी आतून जळत होते आणि माझा काटा गारावर पडून होता. लोक मोबाइल उंच धरून ओरडत होते. कर्टिसची मिनिटं संपली. ऑर्डेलची संपली. एकेक चिठ्ठी फाडली जात होती आणि मी थांबत नव्हते. माईकवरचा माणूस म्हणाला, "अरे, हिला कुणीतरी सांगा मरायचं असतं म्हणून!" मैदान हसलं. ड्वेन मात्र हसायचा थांबला होता. जन्मभर इंजिनं उघडणाऱ्या माणसाला तेवढं कळतं. आजारी इंजिन इतकं टिकत नाही.

मग आत काहीतरी तुटलं आणि मी गप्प झाले. टाळ्या वाजल्या. सेल्मरनं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्याचं सरबत तसंच होतं.

काही दिवसांनी ड्वेन माझा रेडिएटर विकायला काढत होता. कर्टिस सीटखालची हत्यारांची पेटी घ्यायला आला होता. पुढची जाळी सुटली आणि मधून ते चपटं खोकं खाली पडलं. लाल पट्ट्याचं, माशाचं चित्र असलेलं. ड्वेननं ते उचललं.

"कर्टिस, हे तुझ्या बिअरचं आहे."

कर्टिसच्या तोंडावर तळ्यावरचा तो दिवस परत आलेला मी पाहिला. अगदी स्पष्ट पाहिला. मग तो म्हणाला, "बाबांनीच घातलं असणार."

"ते पीत नाहीत."

"माझी रिकामी खोकी पडलेली असतात त्यांच्या शेडमध्ये. घेतलं असेल एखादं. विसरले असतील."

ड्वेनला खरं ठाऊक होतं. पण खरं बाहेर काढायचं तर हीटरचंही काढावं लागलं असतं, आणि त्या दिवशीचं स्वतःचं हसणंही.

"असेल," तो म्हणाला. त्यानं खोकं उलटं करून शेजारच्या निळ्या व्हॅनखाली सरकवलं, तिथं तेल गळतं म्हणून.

एवढ्यावर संपलं असतं तर मी तुम्हाला हाक मारली नसती. पण ऑक्टोबरमध्ये कर्टिस सेल्मरला इथं घेऊन आला. हिरव्या गाडीला नक्की काय झालं होतं, हे तो वृद्धाश्रमात रोज विचारायचा म्हणे. सेल्मर काठी टेकत आला आणि त्यानं माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"पुठ्ठा होता, बाबा," कर्टिस म्हणाला. आवाज फार मऊ होता, लहान मुलाशी बोलतात तसा. "आतल्या फटीत. तुम्हीच घातला होता."

"मी? मी खिळ्यावर टांगला होता."

"तो वेगळा. हा दुसरा."

सेल्मरनं रिकाम्या फटीच्या जागी हात घातला आणि चाचपून पाहिलं. दारात ड्वेन उभा होता. तो आत वळला आणि हत्यारांच्या खणात काहीतरी शोधू लागला.

"मला आठवत नाही," सेल्मर म्हणाला.

"तेच तर, बाबा."

वाऱ्यानं झुडपं हलत होती. व्हॅनखालून त्या खोक्याची लाल कड बाहेर आली होती, सेल्मरच्या बुटाला लागेल इतकी जवळ. त्यानं खाली पाहिलंही. तेलकट कचरा समजून पाय जरा बाजूला घेतला. मला हॉर्न वाजवायचा होता, पण माझी बॅटरी त्यांनी केव्हाच विकली होती.

"पोरी, माझ्याच हातून झालं हे," तो मला म्हणाला. "मीच मारलं तुला."

तेव्हापासून तो काही विचारत नाही. गॅरेजमध्ये येणारे सांगतात, आता तो जेवून उठल्यावर नर्सला विचारतो, मी जेवलो का. पोरगं सांगेल ते मान्य करतो. कागदावर सही कुठं करायची तेवढं विचारतो आणि करतो. त्याच्या डोक्यात काहीही बिघडलेलं नव्हतं, मित्रांनो. ते चांगलं होतं. माझ्या इंजिनाइतकंच चांगलं होतं.

माझ्यासारख्या गाड्या शेवटी मुलांना सांगतात, आम्हाला धूत जा, तेल घालत जा. मी ते सांगणार नाही, धुतलं मला त्यानं भरपूर. मला एवढंच मागायचं आहे. कधी इकडून गेलात, तर ड्वेन शाट्झच्या आवारात मागच्या कुंपणाशी निळी व्हॅन आहे. तिच्याखाली हात घाला. तेलानं हात घाण होतील, होऊ द्या. ते खोकं उलटं करून पुसा आणि वृद्धाश्रमात नेऊन त्याला दाखवा. बर्फ पडायच्या आत या, कारण पुठ्ठा ओला झाला की त्यावरचं चित्र राहत नाही.